जुन्या गाडीखालचा डाग : काय गळतंय, कुठून गळतंय आणि घाई कधी करायची?

ग्वाल्हेर : इथल्या बिर्लानगरला नाव मिळालं ते जियाजीराव कॉटन मिलमुळे. घनश्यामदास बिर्लांनी ही गिरणी 1921 साली उभी केली. त्यांचेच बंधू ब्रजमोहन बिर्ला यांनी 1942 साली हिंदुस्थान मोटर्स काढली आणि पुढे बंगालमधल्या उत्तरपाड्यातून अॅम्बॅसेडर देशभर गेली. गिरणी बंद पडली, अॅम्बॅसेडरचं उत्पादनही मे 2014 मध्ये थांबलं. ज्या घरांत वडिलांची किंवा आजोबांची गाडी अजून जपून ठेवली आहे, मग ते घर बिर्लानगरात असो, बेळगावात, बिदरमध्ये किंवा नागपुरात, तिथे सकाळी गाडी बाहेर काढल्यावर फरशीवरचा डाग बघणं हा रोजचा कार्यक्रम असतो.

‘जुनी गाडी आहे, गळणारच’ असं म्हणून हा डाग पुसून टाकला जातो. निम्म्या वेळा ते खरंही असतं. पण काही डागांकडे दुर्लक्ष केलं तर पुढच्या उतारावर ब्रेक लागणार नाही. म्हणून आधी ओळख पटवायची, मिस्त्रीकडे नंतर जायचं.

आधी पुठ्ठा टाका

जमिनीवर आधीचे दहा डाग असतील तर नवा कोणता हे कळत नाही. मोठं खोकं फाडून त्याचा कोरा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवा. चारही चाकं कुठे येतात त्या खुणा पेनने करा, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला तेही लिहा. सकाळी थेंब कुठे पडला ते दिसतं : इंजिनाखाली, गिअरबॉक्सखाली, मागच्या डिफरेन्शियलखाली की एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला. गाडी उतारावर उभी असेल तर तेल उताराकडे ओघळून भलतीकडे थेंबतं, त्यामुळे जागा सपाट हवी.

अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा नकाशा वाचायला सोपा जातो.

रंग, वास, स्पर्श आणि एक पेला पाणी

इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं, वापरलेलं तपकिरी ते काळं. डिझेल गाडीत ते लवकरच काळंकुट्ट होतं. गिअर ऑइल जास्त दाट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की हा वास विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, बहुधा फिकट पिवळसर, बोटांना गुळगुळीत लागतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग आणि गोडसर वास. नुसतं नळाचं पाणी घातलं असेल तर गंजाचं तांबूस पाणी. लाल पातळ तेल बहुतेकदा पॉवर स्टीअरिंगचं. साध्या स्टीअरिंगच्या जुन्या गाडीखाली ते दिसलं तर आधी शेजारच्या गाडीकडे बघावं!

पेट्रोलचा डाग पाच-दहा मिनिटांत उडून जातो, वास मात्र राहतो. एसी बसवलेला असेल तर त्याचं स्वच्छ पाणी टपकतं. त्यात काही बिघाड नाही.

रंगावरून कळत नसेल तर घरचा उपाय आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात तो द्रव दोन थेंब सोडा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल वर तरंगतं. नेहमीचं ब्रेक ऑइल आणि कूलंट पाण्यात मिसळून जातं. या दोघांतला फरक डब्या उघडून कळतो : ज्याची पातळी उतरली, तेच गळतंय. चाखून बघायचं नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, त्यामुळे सांडलेलं लगेच धुऊन काढावं.

इंजिनाचं तेल : डाग खाली, उगम वर

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. चेंबरखाली थेंब दिसला की चेंबरचं पॅकिंग बदललं जातं आणि आठवड्याने पुन्हा तोच थेंब. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून खरी जागा डागाच्या वर आणि बहुधा पुढे असते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, डायाफ्रामच्या पेट्रोल पंपाचा जोड, पुढच्या पुलीमागचं सील, हे सगळं तपासून मगच चेंबरकडे यावं. इंजिन थंड असताना बाहेरून घासून धुवा, कोरडं करा, संशयित जोडांवर टाल्कम पावडर मारा आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली, तिथून गळती.

अॅम्बॅसेडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाची एक खासियत आहे. हे मूळचं ब्रिटिश बी-सीरिज इंजिन. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाही. तिथे उलट्या आट्यांची खाच आहे आणि ती फिरताना तेल आत ढकलते. गाडी उभी राहिली की ढकलणंही थांबतं. म्हणून गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाखाली, बेल हाउसिंगपाशी, रात्रभरात एक-दोन थेंब पडणं हे या इंजिनात बिघाडाचं लक्षण नाही. अशा वेळी ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर आधी ब्रीदरची नळी साफ करून घ्या. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. थेंबांची धार झाली, क्लच घसरू लागला, तर मात्र उघडावंच लागेल.

इथे एक छोटी वही कामाला येते. किती किलोमीटरला किती तेल वरून घातलं ते लिहून ठेवा. खर्च जमेशी जुळला पाहिजे. तेल कमी होतंय पण पुठ्ठा कोरा आहे, तर ते जळतंय (सायलेंसरमधून निळसर धूर) किंवा पाण्यात मिसळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चहासारखा थर जमून रेडिएटरचं पाणीही उतरत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

पाणी

वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं. त्यातून पाणी येऊ लागलं म्हणजे आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. रबरी पाइप आणि इंजिनाच्या अंगातली गंजलेली पत्र्याची बुचं हेही बघावं. ग्वाल्हेरच्या मे-जूनच्या उन्हात पाणी संपलेली गाडी काही किलोमीटरही सुखरूप जात नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये.

ज्यासाठी गाडी जागेवरच उभी करायची

चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवरून ओघळ आला असेल तर तो सर्वांत आधी बघायचा. मागच्या चाकापाशी दोन शक्यता असतात. गंधकाचा वास आला आणि पाण्यावर तरंगलं तर अॅक्सलचं गिअर ऑइल हबच्या सीलमधून येतंय. पाण्यात विरघळलं तर व्हील सिलिंडर गेला. दोन्हीत द्रव ड्रममध्ये लायनरवर पोचतो आणि भिजलेले लायनर धुऊन वापरण्यापेक्षा बदललेले बरे.

ब्रेक ऑइलचं गांभीर्य वेगळं आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही ब्रेक जातात, हातात फक्त हँडब्रेक उरतो. पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, दाबून धरल्यावर हळूहळू बुडतंय, किंवा डबीत सारखं तेल घालावं लागतंय, यातलं एकही लक्षण दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. टोइंग करून न्यावी किंवा मिस्त्रीला घरी बोलवावं. काही जुन्या मॉडेलांत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो, त्यामुळे मॅट उचलून तिथलाही ओलावा पाहावा. आणि घाईत ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल कधीही ओतू नये. त्याने रबरं फुगतात आणि अख्खी सिस्टीम खराब होते.

दुसरं पेट्रोल. वास आला की स्टार्टर मारायचा नाही, बॅटरीची वायर काढायची, आसपास बिडी-काडी नको. कार्बुरेटरचा फ्लोट अडकून पेट्रोल वरून वाहणं, तडकलेला रबरी पाइप किंवा टाकीच्या तळाचा गंज, ही नेहमीची कारणं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुने रबरी पाइप टिकत नाहीत. ते बदलताना तशा पेट्रोलला चालणारेच मागून घ्यावेत.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको आणि विटा तर नकोच, त्या दाबाखाली फुटतात. लोखंडी स्टँड लावूनच खाली जावं. काढलेलं जुनं तेल नालीत न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावं. पुठ्ठा मात्र फेकू नये. त्यावर तारीख टाकून मिस्त्रीला दाखवला की ‘काय झालं’ या प्रश्नावर जाणारा अर्धा तास वाचतो.