थीम पार्कमधली रांग : ती का लागते आणि दिवसाचं गणित कसं बसवायचं?

पहाटे उठून घर सोडायचं, चार-पाच तिकिटांचे हजारो रुपये मोजायचे आणि संध्याकाळी परतताना हिशेब मांडला तर हाती काय? चार राइड, त्याही दोन-तीन मिनिटांच्या. उरलेला दिवस उन्हात, रेलिंगला टेकून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत. सुट्टीच्या दिवशी थीम पार्कला जाऊन आलेल्या अनेक कुटुंबांची हीच तक्रार असते.

पण रांग म्हणजे नशीब नव्हे. ती का लागते, कधी फुगते आणि कधी ओसरते, यामागे साधं गणित आहे. ते एकदा समजलं की त्याच तिकिटात, त्याच दिवसात जास्त राइड करता येतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना जवळचं म्हणून इथे खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं उदाहरण घेऊ. हेच गणित वंडरलापासून डिस्नेलँडपर्यंत कुठेही चालतं.

रांग नेमकी कशामुळे लागते?

प्रत्येक राइडची ताशी क्षमता ठरलेली असते. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ३० फेऱ्या आणि ७२० माणसं. ही झाली राइडची ताकद. गर्दी वाढली म्हणून ती वाढत नाही, कारण प्रत्येक फेरीआधी पट्टे आणि कुलपं तपासायलाच लागतात.

आता समजा, तासाला हजार माणसं येऊ लागली. पहिल्या तासाच्या शेवटी २८० जण रांगेत उरले, म्हणजे नव्याने येणाऱ्याला साधारण २३ मिनिटं थांबावं लागेल. दुसऱ्या तासातही हजारच आले तर रांगेत ५६० जण आणि थांबायचा वेळ जवळपास ४७ मिनिटं. गर्दी तेवढीच, पण रांग दुप्पट! आणि येणारी माणसं ७२०च्या खाली जाईपर्यंत ही रांग कमी होणार नाही. सकाळी अकराला तुंबलेली रांग दुपारी चारपर्यंत हटत नाही ती याचमुळे.

रांगांचा अभ्यास ही गणिताची स्वतंत्र शाखा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग यांनी फोनच्या कॉलचं गणित मांडताना १९०९ मध्ये तिचा पाया घातला. पुढे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एका सोप्या सूत्राची सिद्धता दिली. त्याचा आपल्या कामाचा अर्थ असा : पुढे असलेली माणसं भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसं, म्हणजे तुमचा थांबायचा वेळ.

हे सूत्र तुम्ही मोबाइल हातात घेऊन वापरू शकता. रांगेच्या बाजूला उभं राहून पाच मिनिटांत किती जण राइडमध्ये बसले ते मोजा. ४० बसले तर मिनिटाला आठ. पुढे अंदाजे १६० माणसं असतील तर २० मिनिटं लागतील. मग ठरवा, थांबायचं की पुढे जायचं.

यातून पहिला धडा मिळतो : रांगेची लांबी पाहू नका, वेग पाहा. एका खेळाला अख्खं सभागृह भरणारी राइड असेल तर बाहेरची मोठी रांग एका दमात आत जाते. उलट लहान मुलांच्या एखाद्या राइडमध्ये फेरीला दहा-बारा मुलं बसतात, त्यामुळे तिथली छोटी रांगही रेंगाळते. आणखी एक गोष्ट. बऱ्याच राइडची रांग इमारतीच्या आत वळणं घेत जाते. बाहेर चार माणसं दिसली म्हणून लगेच घुसू नका, दारावरच्या कर्मचाऱ्याला 'आत किती वेळ लागेल?' असं विचारा.

दिवस कोणता निवडायचा?

रांग चुकवण्याचं निम्मं काम घरी, कॅलेंडरसमोर बसून होतं.

शनिवार-रविवार, मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या हे गर्दीचे दिवस आहेत, हे सगळ्यांनाच माहीत असतं. लक्षात येत नाही ती शाळेची सहल. डिसेंबर-जानेवारीत आडवारीही शाळांच्या बसच्या बस येतात. 'मंगळवारी कोण असणार?' म्हणून रजा टाकून गेलेलं कुटुंब मग एकसारख्या गणवेशांच्या समुद्रात सापडतं. या दोन महिन्यांत जाणार असाल तर पार्कला फोन करून त्या दिवशी शाळांचं मोठं बुकिंग आहे का, हे विचारून घ्या.

त्या मानाने फेब्रुवारी-मार्चमधले मंगळवार ते गुरुवार बरे. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे बरीच घरं तेव्हा सहलीचा विचारही करत नाहीत. जुलै-ऑगस्टमधल्या आडवारीही गर्दी कमी असते, पण तिथे वेगळा धोका आहे. जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या उंच राइड थांबवल्या जातात, आणि खोपोली हा सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग, पाऊस भरपूर. पावसाळ्यात जायचं तर आकाश मोकळं दिसताच बाहेरच्या राइड आधी करा, छताखालच्या मागे ठेवा.

वेळेआधी पोहोचा, आणि नुसते पोहोचू नका

पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास हा दिवसातला सर्वात मौल्यवान तास असतो. माणसं अजून वाटेत असतात, तिकीट खिडकीवर असतात, लॉकर घेत असतात, नाहीतर प्रवेशद्वाराशी फोटो काढत असतात. मोठ्या राइडची रांग तेव्हा तयारच झालेली नसते. या एका तासात ज्या दोन-तीन राइड होतात, त्यांना दुपारी दोन-तीन तास जाऊ शकतात.

म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन काढा. दरवाजा उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. नाश्ता वाटेत उरका. फोटो परतताना काढा, तेव्हा प्रवेशद्वारही रिकामं असतं.

इमॅजिकाला जाताना रस्त्याचाही विचार करायला हवा. पार्क मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या खोपोली फाट्यावरून पाली रस्त्याला लागलं की येतो. शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांनी बोरघाटाच्या अलीकडेच वाहतूक तुंबते आणि त्यात मुंबईकर अडकतात. पुणेकरांना घाट उतरून यायचं असतं. दोघांनीही सुट्टीच्या दिवशी किमान तासभराची सूट धरावी. मध्य रेल्वेची लोकल खोपोलीपर्यंत जाते, पण तिथे जाणाऱ्या गाड्या कमी आहेत. वेळापत्रक पाहूनच बेत करा.

कोणती राइड कधी?

आत शिरल्यावर बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडला चिकटतात. तुम्ही उलट करा. ज्या राइडचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, तिथे थेट चालत जा.

इमॅजिकात ती राइड म्हणजे नायट्रो. २०१३ मध्ये पार्क सुरू झाला तेव्हापासून ती त्याची ओळख आहे. पायाखाली फरशी नसलेला हा रोलर कोस्टर ताशी १०५ किलोमीटरपर्यंत वेग घेतो आणि पाच वेळा उलटापालटा करतो. धाडसी मंडळींनी सकाळी आधी नायट्रो, मग अंधारातून धावणारा डीप स्पेस आणि मोठ्या लंबकासारखं झुलणारं स्क्रीम मशीन, हा क्रम धरावा. नाश्ता हलका ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतरचा दिवस असा मांडता येईल :

• साडेअकरा ते बारा : इतरांच्या आधी जेवून घ्या. एक ते दोनच्या दरम्यान उपाहारगृहात जी रांग लागते, ती एखाद्या राइडपेक्षा लहान नसते. लवकर जेवण जमत नसेल तर अडीचनंतर जेवा.

• बारा ते साडेतीन : गर्दी आणि ऊन दोन्ही टिपेला असतात. सभागृहात एकदम मोठा गट नेणाऱ्या, छताखालच्या राइड या वेळी घ्या. भारतावरून उडत गेल्याचा भास देणारी आय फॉर इंडिया किंवा चित्रपटावर बेतलेली मिस्टर इंडिया या त्या प्रकारातल्या. आजी-आजोबांनाही या वेळात सोबत बसता येतं.

• पाण्याची राइड : डायनोसॉरच्या दुनियेतून नाव नेणारी राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर भर दुपारी सगळ्यांनाच हवी असते. म्हणून ती एक तर साडेअकराच्या आत करा किंवा चारनंतर. अंगावर पाणी उडतं, त्यामुळे सुके कपडे सोबत हवेत.

• शेवटचे दोन तास : लांबून आलेली, लहान मुलं असलेली कुटुंबं संध्याकाळी निघू लागतात. मिरवणुकीसारखा कार्यक्रम असेल तर उरलेली गर्दी तिकडे वळते. राहून गेलेली किंवा पुन्हा करायची मोठी राइड यासाठी हीच वेळ. मात्र त्या राइडची रांग किती वाजता बंद होते, हे दुपारीच विचारून ठेवा.

एखादी राइड मध्येच बंद पडली तर? कर्मचारी नेमकी वेळ सांगू शकत नसतील तर रांग सोडा. 'इतका वेळ थांबलोच आहोत' हा विचार महागात पडतो. गेलेला वेळ परत येत नाही, पुढचा मात्र वाचवता येतो.

उंचीची पट्टी घरीच लावा

पाऊण तास रांगेत उभं राहून दाराशी उंची कमी भरली, आणि मुलाचे डोळे भरून आले, हा दिवसातला सर्वात वाईट क्षण असतो. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. सुरक्षा पट्टा ठराविक उंचीच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. निघण्याआधी मुलांची उंची बूट न घालता मोजा, पार्कच्या संकेतस्थळावरचे राइडचे नियम पाहा आणि 'ही तुझी, ही अजून दोन वर्षांनी' हे घरीच सांगून टाका. गरोदर महिला, हृदयविकार, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असणाऱ्यांसाठीही नियम असतात, तेही वाचा.

लहान मूल सोबत असेल तर आई-वडिलांनी दोनदा रांग लावायची गरज पडू नये, म्हणून अनेक पार्कमध्ये अदलाबदलीची सोय असते. एक जण राइड करून येतो, मग दुसरा पुन्हा रांग न लावता जातो. डिस्नेच्या पार्कमध्ये ही सोय अधिकृत आहे. तुम्ही जाल तिथे आहे का, हे रांगेत शिरण्याआधी विचारा. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये काही राइडवर एकट्यांसाठी वेगळी रांगही असते. गटांमध्ये रिकाम्या राहिलेल्या एकेका खुर्चीवर त्यांना बसवतात. शेजारी-शेजारी बसायचा हट्ट सोडला तर ही रांग बऱ्याचदा लवकर सरकते.

एक्स्प्रेस तिकीट घ्यावं का?

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला, तेव्हा तो मोफत होता. यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचं. २०२१ पासून त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या सेवेने घेतली. आपल्याकडच्या मोठ्या पार्कमध्येही जास्त पैसे मोजून वेगळ्या रांगेने जाता येतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एक्स्प्रेस तिकिटाने राइडची क्षमता वाढत नाही, खुर्च्यांची वाटणी बदलते. आपल्या मघाच्या उदाहरणात २४ पैकी आठ खुर्च्या एक्स्प्रेसवाल्यांना गेल्या तर साध्या रांगेला उरल्या १६. पुढे ३६० माणसं असतील तर ३० मिनिटांचा वेळ ४५ मिनिटांवर जातो. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यातून गेलेला असतो.

मग घ्यावं का? दिवाळीच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या सुट्टीत जाणं भाग असेल आणि पुन्हा लवकर येणं शक्य नसेल, तर विचार करायला हरकत नाही. फेब्रुवारीतल्या बुधवारी मात्र ते पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त. घेण्याआधी त्यात कोणत्या राइड येतात आणि प्रत्येक राइड एकदाच करता येते का, हे नीट वाचा.

उभं राहावंच लागलं तर

काही रांगा टळत नाहीत. सेवाक्षेत्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं की रिकामं बसून घालवलेला वेळ कामात घालवलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो. म्हणून मोठ्या पार्कमध्ये रांगेतच देखावे, पडदे, गोष्टी मांडलेल्या असतात. तुम्ही भेंड्या खेळा, मुलांना माणसं मोजायला लावा. मोबाइलची बॅटरी मात्र परतीसाठी राखून ठेवा.

आणि एक विनंती. एकाला रांगेत उभं करून मागून दहा जणांनी 'आमचा माणूस पुढे आहे' म्हणत घुसणं ही युक्ती नाही. मागच्या प्रत्येक कुटुंबाची ती पाच-दहा मिनिटं असतात.

थोडक्यात

• प्रत्येकाने घरीच आपली एक 'हवीच' राइड सांगावी. त्या आधी करा, बाकीच्या मिळाल्या तर बोनस.
• आडवार निवडा, शाळेच्या सहलींची चौकशी करा.
• तिकीट ऑनलाइन, नाश्ता वाटेत, फोटो परतताना.
• पहिल्या तासात मोठ्या राइड, दुपारी छताखालचे खेळ, शेवटी राहिलेलं.
• त्या दिवशी कोणती राइड देखभालीसाठी बंद आहे, हे निघण्याआधी पाहा.
• वॉटर पार्क आणि थीम पार्क एकाच दिवशी उरकू नका. इमॅजिकात दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत, आणि दोन्हीकडे अर्धा दिवस दिला तर दोन्हीकडच्या भरगच्च रांगा तेवढ्या वाट्याला येतात.

सगळ्या राइड एका दिवसात झाल्याच पाहिजेत, हा आग्रह सोडला की निम्मी घाई तिथेच संपते. मनासारख्या सहा राइड, वेळेवर जेवण आणि परतताना गाडीत शांत झोपलेली मुलं, एवढं जमलं तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं खुशाल समजा.