धावपट्टी कोणी बांधली?

मंडळी, इतिहासात विमान आले की पाठोपाठ वैमानिकाचे नाव येते. ते योग्यच आहे. पण विमान आकाशातून आले तरी त्याला अखेर टेकायचे असते जमिनीवरच. ती जमीन कोणी सारखी केली, तिच्यावरचे धोंडे कोणी वेचले, हे आपण क्वचितच विचारतो. आज तेवढ्यासाठीच तुम्हाला लडाखातल्या लेह गावी नेतो.

लेह वसले आहे सिंधू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण अकरा हजार फुटांवर. चहूकडे उघडेबोडके डोंगर. वर्षाकाठी पाऊस म्हणाल तर चारएक इंच! मग शेती पिकते कशावर? डोंगरावरचे बर्फ वितळते, त्याचे ओढे होतात आणि गावकरी ते पाणी पाटाने शेतात आणतात. आपल्याकडे पाटकरी असतो ना, तसा तिथे ‘छुरपोन’ असतो. कोणाच्या शेताला केव्हा पाणी द्यायचे, हे तो पाहतो. सातूचे पीक आणि जर्दाळूची झाडे याच पाटांवर जगतात. दगडधोंड्यांतून जमीन काढणे, तिला नेमका उतार देणे, दहा घरांनी मिळून एक काम उरकणे, हे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लेह म्हणजे जगापासून तुटलेले गाव, असे मात्र समजू नका हं. मध्य आशियातल्या यारकंदहून व्यापाऱ्यांचे तांडे इथे उतरत. मोरावियन मिशनऱ्यांनी १८८५ साली इथे ठाणे घातले, दवाखाना आणि शाळा चालवली. त्यांच्यातल्या फ्रांके नावाच्या विद्वानाने १९०४ साली तिबेटी लिपीत एक वर्तमानपत्रही सुरू केले. खोऱ्याची हकीकत कागदावर उतरू लागली होती ती अशी. चाकांची गाडी मात्र या वाटांवर नव्हती. श्रीनगरहून लेहला यायचे तर घोड्यावर किंवा पायी, पंधरा-सोळा मुक्काम करीत. मधली झोजी खिंड हिवाळ्यात बर्फाने बुजून जाई.

आता १९४८ सालाकडे येऊ. काश्मीरवर हल्ला झाला होता. गिलगिट गेले होते, स्कार्दूला वेढा पडला होता आणि हल्लेखोर लेहच्या रोखाने सरकत होते. लेहच्या रक्षणाला शिपाई होते मूठभर. फेब्रुवारीत पृथीचंद आणि खुशालचंद या लाहौलच्या अधिकाऱ्यांनी चाळीसच्या आसपास स्वयंसेवक शिपाई घेतले आणि भर हिवाळ्यात झोजी खिंड ओलांडली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ते लेहला पोहोचले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे एक लडाखी इंजिनीयर होते. खांद्यावर बंदूक घेऊन लढायला ते आले नव्हते. त्यांना विमान उतरेल अशी जागा तयार करायची होती.

शिक्षक मंडळींनी मुलांना इथे एक गोष्ट समजावून द्यावी. अकरा हजार फुटांवर हवा विरळ असते, समुद्रसपाटीच्या हवेच्या जेमतेम सत्तर टक्के दाट. पंखांना उचलून धरते ती हवाच. ती विरळ झाली की विमानाला जास्त वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी जास्त लांब धावावे लागते. म्हणजे धावपट्टी लांब हवी आणि साफ हवी. एखादा धोंडा राहून गेला तरी घात!

आणि साधने? यंत्रे तर नव्हतीच. ज्या खोऱ्यात बैलगाडीसुद्धा नाही, तिथे रोडरोलर कुठला? स्पितुकच्या मठाजवळच्या माळावर कामाला लागली ती खोऱ्यातली माणसे. ज्या हातांनी पाट काढले, तेच हात आता धोंडे वेचू लागले. महिन्याभरात पट्टी तयार झाली.

२४ मे १९४८. एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डकोटा विमान उचलले. शेजारी मेजर जनरल थिमय्या. डकोटा म्हणजे दोन इंजिनांचे मालवाहू विमान. आत हवेचा दाब राखण्याची सोय त्यात नव्हती. वाट अनोळखी, दोन्ही बाजूंना हिमशिखरे. ते विमान लेहच्या पट्टीवर सुखरूप टेकले. तोवर कारगिल शत्रूच्या हाती पडले होते, खालची वाट तुटली होती. पुढच्याच दिवसांत याच पट्टीवर गुरखा पलटणीचे जवान उतरू लागले आणि लेह वाचले. नोव्हेंबरात आपल्या सैन्याने झोजी खिंड आणि कारगिल परत घेतले. मेहरसिंग, पृथीचंद आणि खुशालचंद यांना महावीर चक्र मिळाले.

लोक एक गोष्ट सांगतात. पहिले विमान उतरले तेव्हा लेहच्या काही माणसांनी त्याच्यापुढे गवताची पेंढी आणून टाकली म्हणे! ऐकणारा हसतो. पण जरा विचार करा. लांबून पाहुणा आला की आधी त्याच्या घोड्याला वैरण घालायची, ही त्या तांड्यांच्या वाटेवरची रीत. आलेल्याला पाहुणा मानले, यात हसण्यासारखे काय आहे?

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने या मोहिमेचा अधिकृत इतिहास १९८७ साली प्रसिद्ध केला. लेहच्या विमानतळाला आज कुशोक बकुला रिंपोचे यांचे नाव आहे आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयाला सोनम नोर्बूंचे. हे उचित झाले. पण धोंडे वेचणारे? ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते, तिथे बहुधा ते ‘स्थानिक लोक’ एवढ्या दोन शब्दांत येतात आणि जातात. आजही लेहला सकाळी सकाळी विमाने उतरतात, कारण दुपारी वारे सुटतात. त्या उतरणाऱ्यांना हे दोन शब्दही ठाऊक नसतात.

मंडळी, हे लेहपुरतेच आहे का? तुमच्या गावचा पाझर तलाव, तुमच्या शाळेकडे येणारा रस्ता १९७२ च्या दुष्काळात झाला असेल. त्याचे उद्घाटन कोणी केले, ते कोनशिलेवर वाचायला मिळेल. खडी कोणी फोडली, हे हजेरीपटावर होते. तो हजेरीपट कुठे आहे? कुठल्या कपाटात वाळवी खाते आहे, की रद्दीत गेला? त्या कामावर गेलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. गुरुजी, बाई, मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्या ओसरीवर पाठवा. नाव, गाव, कोणते काम, किती दिवस, मजुरी काय मिळाली, एवढेच उतरवून घ्या. वहीवर तारीख घाला आणि ती शाळेच्या कपाटात जपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.