छायाचित्रातून निसटलेली माणसे

१८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता रहदारीचा, पण चित्रात तो ओसाड दिसतो. त्या काळी चित्र उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्यात चालती माणसे, गाड्या निघून गेल्या. उरला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणारा, तोही अस्पष्ट. जो हलला तो पुसला गेला, हा या कलेचा पहिला धडा.

१८८८ साली ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला आणि बटण दाबणे कोणालाही जमू लागले. चुका मात्र राहिल्या: हात हलणे, सूर्य समोर घेणे, फार लांबून टिपणे. सर्वांत मोठी चूक म्हणजे चित्रामागे काही न लिहिणे.

अमेरिकेत लुइस हाइन १९०८ पासून गिरण्या-खाणींतील बालमजुरांची छायाचित्रे घेत हिंडला. तो मुलांच्या जवळ जाई, आपल्या कोटाच्या बटणांवरून त्यांची उंची अजमावी आणि नाव, वय, काम टिपून ठेवी. म्हणून त्याची चित्रे पुरावा ठरली.

आमच्या संघटनेच्या कपाटातही जुन्या मोर्चांची चित्रे आहेत. मधोमध हार घातलेले आम्ही पुढारी ओळखू येतो. मागच्या रांगेतील कामगार कोण, कोणत्या खात्यातले, साल कोणते, हे सांगणारे आज हयात नाहीत. ती माणसे हलली नव्हती. त्यांना पुसले ते आम्ही.

आता फोनवर शेकडो चित्रे निघतात. श्रोतेहो, घरी गेल्यावर निदान एका चित्राखाली तरी नावे लिहून ठेवा.