पळणाऱ्याच्या मागं सायकल

सायकल जुनी आहे, बावीस इंची, दांड्याची. घंटी सोडून सगळं वाजतं. पायडल सरळ मारलं की वर्षं पुढं सरकतात, उलटं मारलं की मागं. कॅरेजवर कुणाला घेऊ नका, दोघांचा भार तिला काळात पेलत नाही. बसा.

तुम्ही आष्टी तालुक्यात आहात, बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मांडव्याच्या रस्त्यावर. साल २००२, दिवाळी होऊन गेलेली. हात गारठलेत, हँडलची मूठ ओली आहे. यंदा पावसानं हात आखडल्यामुळं ज्वारी कुठं आहे, कुठं नाही. डांबराचं कुठंकुठं नावच उरलंय, चाक खडीवरून घसरतं. समोरून ट्रॅक्टर येतो तेव्हा तुम्हाला खाली उतरावं लागतं. ट्रॉलीत गोधड्या, भांडी, कोयते, एक शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली माणसं. मुकादमाची उचल घेतलेली टोळी आहे ही. आता पाच-सहा महिने ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्या तरी कारखान्याच्या उसाच्या फडात राहणार. या जिल्ह्यातून माणूस बाहेर पडतो तो असा, घर पाठीवर घेऊन.

धुरळा बसतो आणि शेजारून एक पोरगा पळत पुढं जातो. आठ वर्षांचा. अविनाश साबळे त्याचं नाव. आईबाप शेती करतात, वीटभट्टीवरही राबलेत. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला वाहन नाही, म्हणून पळतो. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे, पण तोंड मिटून ठेवा. या घडीला तो फक्त शाळेला उशीर होणारा पोरगा आहे.

आणि गहिवरू नका. आणखी वीस वर्षांनी पेपरवाले हाच रस्ता रंगवून लिहिणार आहेत : शाळेसाठी पळता पळता पोरगा ऑलिंपिकला पोचला. मला हे पटत नाही. पायपिटीनं धावपटू घडत असते, तर पाटोदा-शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांत पदकं टांगायला खुंट्या पुरल्या नसत्या. त्या पोरामागून आणखी चार पोरं येताहेत, त्यांची नावं तुम्ही कधीच ऐकणार नाही. आणि मुली? शाळा लांब म्हणून किती जणींचं नाव सातवीनंतर पटावरून गेलं, ते या रस्त्याला विचारा.

बांधावर बसलेले एक बाबा हाक मारतात, "पाव्हणं, कुठलं गाव? वाट चुकलाव का?"

"नाही बाबा, सहजच. सायकल चालवतोय."

बाबा तुमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघतात. सहज कुणी रस्त्यावर येत नसतं. रस्ता दवाखान्याला जाण्यासाठी असतो, बाजाराला, शाळेला, कारखान्याला. थोडं उलटं पायडल मारलंत तर कळेल का ते. १९७२. मराठवाड्यातले कित्येक रस्ते आणि पाझर तलाव त्या दुष्काळातल्या कामांवर झाले. उन्हात बसून बाया खडी फोडताहेत, पोटासाठी. असल्या रस्त्यावर हौसेनं पळण्याची कल्पना तुम्ही त्यांना सांगून बघा. मी सांगणार नाही.

आता आणखी जोरात उलटं. १७५२, आयर्लंडमधला कॉर्क परगणा. दोन घोडेस्वारांनी पैज लावली आहे, बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत. रस्ता नाही, नाकासमोर. कळस दिसतो तिकडं घोडा हाणायचा. मधे दगडी बांध येतील, चर येतील, ओढा लागेल, उडी मारायची. तो पोरगा पुढं जी पळणार आहे ती अडथळ्यांची शर्यत, स्टीपलचेस, जन्मली ती या असल्या पैजांतून. शंभरेक वर्षांनी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घोडा वगळला आणि स्वतःच पळायला लागले. पुढं मोजमापं आली. आज पुरुषांची शर्यत ३,००० मीटरची असते. २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाणी. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, लाकडी, जड. हर्डल्ससारखा तो पायाला लागून पडत नाही, माणूस पडतो. पाण्याच्या अडथळ्यापुढं ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, जवळ खोल आणि पुढं उथळ होत जाणारा. जितकं लांब उडाल तितकं कमी भिजाल. आष्टीकडच्या माणसाला यातलं काही समजावून द्यावं लागत नाही. देवळाच्या कळसावर नजर ठेवून शिवार आडवं कापत जाणं, बांध ओलांडणं, ओढ्यात दगडावर पाय देऊन पलीकडं जाणं, हे सगळं तो शर्यत न म्हणता करत आलेला आहे.

इथून सरळ पायडल. २०१३-१४, सियाचिन. सायकल खांद्यावर घ्या, इथं ती चालत नाही. बारावी झाल्यावर मांडव्याचा तो पोरगा सैन्यात भरती झाला, ५ महार बटालियनमध्ये. पाच हजार मीटरच्या वरच्या चौक्या, उणे तिसाच्या खालची थंडी, चार पावलं टाकली की थांबून श्वास घ्यायचा. नंतर राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. नीट बघा, यात पळणं कुठंच नाही. सहा किलोमीटरची ती शाळा आणि पहिली खरी शर्यत यांच्यामध्ये बरीच वर्षं नुसती नोकरी आहे.

२०१५ मध्ये सोबतचे जवान मागं लागले म्हणून तो सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला. मध्ये वजन वाढलं, ते त्यानं महिन्यांत उतरवलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत तो भरला आणि २०१७ मध्ये त्यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं. वय बावीस-तेवीस. ज्या वयात जगातले धावपटू दहा वर्षं सराव करून बसलेले असतात, त्या वयात याला पहिल्यांदा मापाचे बूट, पुरेसं खाणं, वेळ घेणारा माणूस आणि मोकळी सकाळ एकत्र मिळाली. माझ्या मते घडण झाली ती इथं. मांडव्याच्या रस्त्यानं पाय दिले असतील, पण बाकीचं सैन्याच्या भोजनगृहानं दिलं.

पुढचं भराभर बघून घ्या. भुवनेश्वर, सप्टेंबर २०१८ : ८ मिनिटं २९.८० सेकंद. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियोत केलेला ८:३०.८८ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षांनी मोडला. दोहा, ऑक्टोबर २०१९ : जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पाडापाडीत अडखळला, भारतानं दाद मागितली, अंतिम फेरीत घेतलं आणि तिथं ८:२१.३७ पळून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. १९५२ च्या गुलझारा सिंग यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला गेलेला हा पहिला भारतीय पुरुष.

२०२२ मध्ये थांबा. इथं सायकल हळू चालवा, तुम्हाला दम लागणार आहे.

हे कोलोरॅडो स्प्रिंग्ज. अमेरिकेतलं, डोंगराच्या पायथ्याचं शहर, समुद्रसपाटीपासून साधारण १,८४० मीटर. उजव्या हातानं चला! तुमचं चाक सवयीनं डाव्या कडेला जातंय आणि समोरचा गाडीवाला हॉर्नसुद्धा न वाजवता थांबून बघतोय. त्याचं न वाजवणंच जास्त लागतं. पश्चिमेला पाइक्स पीक, ४,३०२ मीटर, माथ्यावर बर्फ. अमेरिकेच्या सायकलिंग महासंघाचं मुख्यालयही इथंच आहे, तेव्हा तुमच्या दांड्याच्या सायकलकडं लोक वळून बघतील. खुशाल बघू द्या.

पहिल्या चढालाच छाती भरून येते. इथल्या एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या मानानं पाचवा हिस्सा प्राणवायू कमी. पहिले काही दिवस झोप मोडते, डोकं जड राहतं. मग शरीर कामाला लागतं. मूत्रपिंडं संप्रेरक सोडतात, हाडांच्या मगजात तांबड्या पेशी जास्त तयार होऊ लागतात, आणि काही आठवड्यांनी तेच रक्त जास्त प्राणवायू वाहून न्यायला लागतं. एवढ्यासाठीच जगभरचे लांब पल्ल्याचे धावपटू असल्या गावांत येऊन राहतात. साबळेही प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडं आला तो त्यासाठी, सोबत आणखी काही भारतीय धावपटू. स्वयंपाकघरात मात्र ही उंची छळते. पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजत नाही. बीडहून येताना कुकर आणला असता तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटेल.

संध्याकाळी पायवाटेवर निघा. माणसं पळताहेत. कुणी कुत्रं घेऊन, कुणी लेकराची ढकलगाडी ढकलत, कुणी सत्तरीतलं. कुठंही चाललेली नाहीत ही माणसं. जिथून निघाली तिथंच परत येणार. आणि कुणी तुम्हाला गाव विचारत नाही. पहिल्या आठवड्यात याचं बरं वाटतं, दुसऱ्या आठवड्यात नाही.

परदेशी सरावाला गेला म्हटलं की गावाकडं लोकांच्या डोळ्यांसमोर विमानं आणि उंच इमारती येतात. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या धावपटूचं परदेश म्हणजे सकाळचं पळणं, खाणं, झोप, पुन्हा पळणं, खाणं, झोप. इमारती बघायला पाय शिल्लक ठेवायचे नसतात. इतकं एकसुरी जगणं मिळणं ही मोठी चैन आहे, हे मात्र उसाच्या फडातून आलेल्या माणसालाच कळेल. तिथंही दिवस एकसारखेच असतात, पण झोप कोयत्याच्या हिशेबानं मिळते.

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून दर खेपेला या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानंच नेली आहेत. सायकल मैदानाबाहेर लावा आणि शेवटचे शंभर मीटर बघा. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५. साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. त्या वेगानं हिशेब केला तर हे अंतर एक फूट भरतं. रौप्य. केनियाच्या वाट्याला पहिलं आणि तिसरं.

सात आठवडेही झाले नाहीत, तोवर २३ सप्टेंबरला आष्टीत पहिली प्रवासी रेल्वे आली, नगरहून, ६६ किलोमीटर. आता सांगा, आधी कोण पोचलं? बीड शहरापर्यंत तीच रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. त्या अवधीत साबळेनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, ८:१९.५० असा स्पर्धाविक्रम करून. पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ पळाला. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, भारतात रात्रीचा एक वाजून गेला असताना, अंतिम फेरीत अकरावा आला. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. महिलांमध्ये हे आठ वर्षं आधी रिओत ललिता बाबरनं केलं होतं. ती माण तालुक्यातल्या मोहीची, म्हणजे पुन्हा दुष्काळीच मुलूख. आम्ही याचं कौतुक करतो. मला मात्र प्रश्न पडतो, की दोघांनाही घडायला गाव सोडावं लागलं, ते का? जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया झाली. अशा वेळी पळणं महिनोन्‌महिने बंद असतं. आधी पाय वाकवायला शिकवतात, मग जागेवरची सायकल देतात.

आता बीड शहराच्या बाहेर या, धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला. भरतीचा मोसम, पहाटेचे साडेपाच. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, आणि त्यांच्या उजेडात पोरं पळताहेत. पाचपंचवीस असतील, पोरीही आहेत. बऱ्याच जणांच्या पायात एकच जोडी, तीच कॉलेजला आणि तीच इथं. पोलीस भरतीत पोरांना १,६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. बर्मिंगहॅमला साबळेनं जो वेग ठेवला, त्यानं १,६०० मीटर ४ मिनिटं २२ सेकंदांत होतात, तेही उड्या मारत. इथल्या पोरांना तितकं नको आहे. त्यांना यादीत नाव हवंय. गावाला धावपट्टी नाही, मैदानात लग्नाचा मांडव पडलाय, म्हणून महामार्ग. दगडाला चुना फासून दोनशे-दोनशे मीटरच्या खुणा त्यांनी स्वतःच केल्यात.

तुमची सायकल बघून एक जण धापा टाकत शेजारी येतो.

"काका, मोकळेच हाव ना?"

"हो."

"मग पुढं ऱ्हावा की जरा. लई वारं लागतंय तोंडावर. आन टाइम आत्ता नका सांगू, शेवटच्या दोनशेला सांगा."