रंगभवन, ऑगस्ट आणि शंभर मीटर

गेल्या महिन्यात ऑफिसात लंच टेबलवर एका ज्युनियरने विचारलं, "रंगभवन म्हणजे ती सव्वीस अकरावाली गल्ली ना?" मी नुसतं "हो" म्हणालो आणि डब्यातली भेंडी संपवली. त्याचं चूक काहीच नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले ती कामा हॉस्पिटलच्या बाजूची गल्ली म्हणजे रंगभवन गल्ली. मी तेव्हा सातवीत होतो. टीव्हीवर तीन दिवस ते नाव ऐकलं आणि डोक्यात ते तेवढ्यासाठीच पक्कं झालं.

पण आमच्या घरात त्या नावाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो दादामुळे. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. आता न्यू जर्सीत असतो, दोन मुलं, गुडघेदुखी, सगळं व्यवस्थित. पण १९९७-९८ च्या सुमारास हाच माणूस काळा टी-शर्ट घालून, घरी "मित्राकडे अभ्यासाला" असं सांगून, ठाण्याहून व्हीटीला यायचा आणि रंगभवनात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचा. आजीने त्याचे केस बघून "ह्याला कोणाची तरी दृष्ट लागली" असं जाहीर केलं होतं म्हणे.

ज्युनियरचा प्रश्न ऐकला आणि ठरवलं, या वीकेंडला या जागेचा इतिहास नीट लिहून काढायचा. तर मंडळी, सुरुवात करू.

रंगभवन म्हणजे धोबीतलावचं सरकारी खुलं नाट्यगृह. वर आकाश, एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जी.टी. अशी दोन हॉस्पिटलं, आणि जवळच किल्ला कोर्ट. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईत रॉक रंगभवनाच्या आधीपासून होतं. १९७० आणि ७१ मध्ये एका सिगरेट ब्रँडच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा झाल्या, त्यातल्या बँडच्या एलपी निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर त्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. पण हे सगळं तुकड्यातुकड्यांत. एक हक्काची जागा अशी नव्हती.

ती जागा रंगभवन झाली, आणि गंमत बघा, आधी जॅझने केली. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया'ने 'जॅझ यात्रा' सुरू केली. पहिल्याच यात्रेत सॉनी रोलिन्ससारखा माणूस येऊन वाजवून गेला. मग मार्च १९८० मध्ये 'द पोलीस'. हो, स्टिंगवालाच बँड. हा कार्यक्रम कोणी आणला? 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' नावाच्या, धर्मादाय कामासाठी पैसे उभे करणाऱ्या बायकांच्या क्लबने! जगात नाव झालेला बँड, धोबीतलावला, खुल्या आकाशाखाली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून बघितलं होतं.

मग येतं १९८६. फरहाद वाडिया या मुंबईच्या संगीतकाराने 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. सगळे 'आय-रॉक'च म्हणतात. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. खुल्या थिएटरात ऑगस्टमध्ये कार्यक्रम ठेवणं हा कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरने पहिल्याच मीटिंगमध्ये लाल केला असता असा प्लॅन. पण तो चालला, वर्षानुवर्षं चालला. दादाच्या म्हणण्याप्रमाणे पाऊस आला की गर्दी कमी व्हायच्या ऐवजी पुढे सरकायची.

आय-रॉकचं महत्त्व काय? तेव्हाचे बहुतेक बँड दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. पब्लिकलाही तेच हवं असायचं, कारण परदेशी बँड प्रत्यक्ष बघायला मिळणं दुर्मिळ, म्हणून आपल्याच पोरांकडून त्यांची गाणी ऐकायची. या सवयीला धक्का देणाऱ्यांत 'रॉक मशीन' होता. १९८४ चा बँड. महेश तिनईकर गिटारवर, पुढे उदय बेनेगल गायला. १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला, सगळी स्वतःची गाणी. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. त्याच सुमाराला विशाल ददलानीचा 'पेंटाग्राम' उभा राहत होता. तोच विशाल, जो पुढे शेखरबरोबर हिंदी सिनेमाचं संगीत करू लागला. कॉलेजातल्या बँडला या मोठ्यांच्या आधी त्याच स्टेजवर वाजवायला मिळायचं. म्हणजे आय-रॉक हे आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सर्व्हर होतं. घरच्या गॅरेजमध्ये काय चालतं ते इथे कळायचं. :)

आता मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मोबाइल नाही, नेट नाही, तर कार्यक्रम आहे हे यांना कळायचं कसं? दादाला विचारलं. तो म्हणाला, "काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं, कॅसेट उलटसुलट करत उभं राहायचं, घ्यायची काहीच नाही. काउंटरवर कोणीतरी बोलत असायचंच." कॉलेजच्या नोटीस बोर्डावर झेरॉक्स लागायची. आणि १९९३ पासून 'रॉक स्ट्रीट जर्नल'. हे मासिक अमित सैगलने काढलं अलाहाबादमधून! म्हणजे ठाण्यातल्या पोराला धोबीतलावच्या बँडची खबर प्रयागराजमार्गे मिळायची. पुढे याच मंडळींनी १९९७ मध्ये 'ग्रेट इंडियन रॉक' सुरू केलं. अमित सैगल जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात गेला. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. बातमी पोचवणारी दोन्ही ठिकाणं गेली, पण त्यांच्या आधी जागाच गेली होती.

ती कशी गेली, ते आता.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम आणले. हे आकाशातून पडले नाहीत. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्येच गोंगाटाविरुद्ध हायकोर्टात याचिका केली होती. आणि १९९८ मध्ये अनिल मित्तल नावाच्या एका इंजिनियरने सुप्रीम कोर्टात याचिका केली, तिच्यामागची घटना वाचून मी लॅपटॉप थोडा वेळ बंद केला होता. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. तिने नंतर स्वतःला जाळून घेतलं. "थोडा आवाज झाला तर काय बिघडतं" असं पुन्हा कधी म्हणावंसं वाटलं तर हे आठवावं.

तर २००० च्या नियमांत हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा म्हणजे शांतता क्षेत्र ठरला. आता मघाचा नकाशा आठवा. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट. रंगभवनाच्या शेजारी तिन्ही!

थोडं गणित करू. शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रॉक कॉन्सर्टचा आवाज स्टेजपासून १० मीटरवर ११० धरा. उघड्यावर अंतर दहापट झालं की साधारण २० डेसिबल कमी होतात. म्हणजे १०० मीटरवर ९०. डेसिबल हे लॉगचं मोजमाप, दर १० ला तीव्रता दसपट. म्हणजे दिवसाची मर्यादा घेतली तरी ४० डेसिबल जास्त, तीव्रतेच्या हिशेबात दहा हजारपट. भिंती, झाडं, इमारती यांनी थोडं कमी होईल, पण दहा हजारपट हा आकडा "जरा व्हॉल्यूम कमी करा" म्हणून सुटणारा नाही. रंगभवन आणि लाउडस्पीकर यांचं त्या नियमात जमणंच शक्य नव्हतं.

वाडिया कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि डिसेंबर २००८ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. तारखेकडे लक्ष द्या. गल्लीत गोळीबार झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात. ज्या दिवसांत अख्ख्या देशाला रंगभवन हे नाव कळलं, त्याच दिवसांत ते नाव ज्यासाठी होतं त्याचा शेवटचा कागदही निकालात निघाला.

इथपर्यंत लिहून मी दादाला फोन लावला. म्हटलं, "तुम्हाला कधी त्या हॉस्पिटलांचं काही वाटलं नाही?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "खरं सांगू? नाही रे. भिंतीपलीकडे काय आहे ते बघायचं वयच नव्हतं." आणि लगेच, "पण काका ॲडमिट होते तेव्हा शंभर नंबरला फोन तूच केला होतास ना?"

हो, मीच. २०१९, बाबांची बायपास होऊन दुसरा दिवस, बाहेर विसर्जनाची मिरवणूक. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर बसलो होतो आणि खिडकीची काच थरथरत होती. बेसचा प्रत्येक ठोका खुर्चीतून पाठीत जाणवत होता. आत बाबांना काय होत असेल? फोन केला, "गाडी पाठवतो" म्हणाले. मिरवणूक तिच्या वेगाने पुढे गेली तेव्हाच आवाज थांबला. बाबा ठणठणीत आहेत, रोज चार किलोमीटर चालतात. पण ती काच मी विसरलेलो नाही.

म्हणून मला "कायद्याने रॉक मारलं" असं सरळ लिहिता येत नाही. कामातल्या एखाद्या बाळंतिणीचा नवरा त्या काळी माझ्यासारखाच बाहेरच्या बाकावर बसला असेल. तिच्या झोपेपेक्षा दादाचं गाणं मोठं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पण एक गोष्ट खटकते. आय-रॉकला अर्ज करावा लागायचा, आयोजकाचं नाव होतं, तिकीट होतं. ज्याचा अर्ज टेबलावर आहे त्याला नकार देणं सोपं. रस्त्यावरच्या गर्दीला नकार कोण देणार? त्यात २००२ मध्ये राज्यांना वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट द्यायची मुभा मिळाली. शांतता क्षेत्राची व्याख्याही २०१७ मध्ये बदलली, राज्याने खास जाहीर केलं तरच ते क्षेत्र असं ठरलं. नियम तोच, पण नेमाने पाळावा लागला तो अर्ज करणाऱ्यालाच.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. उघड्यावरचं संगीत बंद झालं की ते आत जातं. मुंबईत २००७ मध्ये परळच्या गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं, फार चांगली जागा होती, २०१६ मध्ये तीही बंद झाली. पण बंदिस्त जागेचं भाडं आणि एसीचं बिल निघतं ते बारवर. आणि बार आला की वय आलं. महाराष्ट्रात बियरला २१, कडक दारूला २५. रंगभवनात जो सतरा-अठराचा पोरगा लोकलच्या पासावर यायचा, तो या नव्या दारावरच अडला. दादा सतराव्या-अठराव्या वर्षी तिथे होता म्हणून त्याला कळलं की आपल्या शहरातली माणसं स्वतःची गाणी लिहितात. मला ते तेविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पगारातून चारशे रुपयांची बियर घेऊन कळलं. पाच-सहा वर्षं उशीर. त्या वर्षांत एखाद्याने गिटार उचलली असती.

पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर' भरू लागलं, आय-रॉकही बऱ्याच खंडानंतर २०२२ मध्ये मुंबईत परत झालं. म्हणजे सगळं संपलं असं मुळीच नाही. पण शहराच्या मधोमध, स्टेशनपासून चालत, खिशातल्या पैशांत, असं काही पुन्हा झालेलं नाही.

परवा शनिवारी मुद्दाम गेलो. सीएसएमटीला उतरून चालत. रंगभवनाचं गेट बंद होतं. याच जागी मराठी भाषा भवन उभारायची घोषणा झाली होती. मग जागा बदलली आणि त्याचं भूमिपूजन एप्रिल २०२२ मध्ये चर्नी रोडला झालं. मी गेटपाशी पाच मिनिटं उभा राहिलो. कामाच्या बाजूने एक माणूस आला, हातात थर्मास आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधं, तिथेच भिंतीला टेकून फोनवर बोलू लागला. "झोपलीये आत्ता. हो, शांत झोपलीये."

मी दादाला गेटचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "भिंत एवढीशी होती? आम्हाला केवढी उंच वाटायची."

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.