फवारणीचे विमान : अपघातांनी घडवलेले यंत्र

शाळेत आपण इतिहास शिकलो तो लढायांचा आणि तहांचा. यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्यातला बराचसा अपघातांमुळे घडलेला असतो, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. पिकांवर औषध फवारणारे विमान हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावाजवळ लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी कर्टिस जेनी विमानातून कॅटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. पाने फस्त करणाऱ्या अळ्या मेल्या आणि विमान शेतीच्या कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली प्रशिक्षण-विमाने या कामी आली : अमेरिकेत स्टीअरमन, न्यूझीलंडमध्ये टायगर मॉथ. पुढच्या आसनाच्या जागी टाकी बसवली की काम सुरू.

या विमानांसाठी उड्डाणाचा क्षण फार नाजूक. टाकी भरलेली आणि धावपट्टी म्हणजे शेताकडेची कच्ची, आखूड पट्टी. गवत ओले किंवा माती मऊ असली की वेग लवकर येत नाही. उन्हाने हवा विरळ होते, त्यामुळे पंखांची उचल घटते आणि इंजिनाची ताकदही. समोर झाडे, कुंपण, विजेच्या तारा. अशा वेळी वैमानिकाच्या हाताशी एक दांडा असतो. तो ओढला की टाकीचे तळाचे दार उघडून माल काही सेकंदांत खाली पडतो आणि हलके झालेले विमान वर चढू शकते. क्षणभर उशीर झाला, तर विमान आदळते.

आदळल्यावर माणूस का मरतो, हा प्रश्न ह्यू डीहेवन यांनी धरून ठेवला. १९१७ मध्ये टेक्सासमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेताना दोन विमानांची टक्कर होऊन ते पडले आणि वाचले. पोटातली जबर दुखापत पट्ट्याच्या बकलामुळे झाली, असे त्यांचे अनुमान होते. १९४२ पासून कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अपघातांतील दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास चालवला.

तो अभ्यास फ्रेड वाइक यांच्या उपयोगी पडला. टेक्सासमध्येच त्यांनी खास शेतीसाठी एजी-१ हे विमान तयार केले. ते १९५० मध्ये उडाले. उंच बैठक, चौफेर नजर, मजबूत कॉकपिट, खांद्यांवरूनही येणारे पट्टे. पुढे त्यांच्याच आराखड्यातून पायपर पॉनी हे विमान आले. त्यात टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये. आदळताना आधी नाक चेपते, भरलेली टाकी मागून वैमानिकाच्या अंगावर येत नाही. अशी पाच हजारांहून अधिक विमाने बनली. आपल्याकडेही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने शेतीसाठी 'बसंत' हे विमान बनवले. १९७२ मध्ये ते उडाले आणि एकूण ३९ तयार झाली.

आमच्या संगणक क्षेत्रातही एखादी प्रणाली कोसळली की पहिला प्रश्न येतो, 'कोणी केले?' डीहेवन आणि वाइक यांनी गृहीत धरले की चूक कोणाच्याही हातून होईल, कधी इंजिनही दगा देईल. मग त्यांनी विचारले, 'तरीही माणूस घरी कसा परतेल?' त्या प्रश्नामुळे कितीतरी वैमानिक पडलेल्या विमानातून चालत बाहेर आले.