बडोद्याच्या राजाची शिकवणी



परवा नात म्हणाली, "आजोबा, मी पब्लिक पॉलिसी शिकायचं ठरवलंय." म्हटलं, "ते काय असतं गं?" तर म्हणे, "अधिकाऱ्यांना राज्यकारभार कसा चालवायचा ते शिकवतात." मला हसू आलं. अशी शिकवणी आपल्या बडोद्यात १८८१ सालीच झाली होती!

गोष्ट ठाऊक आहेच तुम्हाला. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईसाहेबांनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव. दिवाण म्हणून आले सर टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, घराणं तंजावरी मराठी, आणि त्याआधी इंदुरात होळकरांची दिवाणगिरी केलेली. म्हणजे शिकवणारा दक्षिणेतला मराठी, शिकणारा खानदेशाच्या वेशीवरचा, आणि प्रजा बहुतेक गुजराती. आपलं बडोदं तेव्हापासूनच असं!

२८ डिसेंबर १८८१ ला महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याआधी माधवरावांनी त्यांना इंग्रजीतून व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' नावानं छापली गेली. त्यात बडेजाव नाही, रोजच्या कामाच्या गोष्टी आहेत. प्रजेचं सुख आधी बघा. खुशमस्कऱ्यांपासून लांब राहा. लायक माणसं नेमा, मग त्यांच्या कामात ऊठसूट हात घालू नका. न्याय कोर्टांवर सोडा. कायदे घाईनं करू नका. राजवाड्याचा खर्च आवाक्यात ठेवा.

विचार करा, उद्या जो आपला मालक होणार, त्यालाच "तुमच्या सत्तेला हद्द आहे" असं सांगायचं! ही साधी गोष्ट नव्हे. पुढे दोघांचं पटलं नाही आणि १८८२ मध्ये माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. पण शिकवण वाया गेली नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं.

इथपर्यंत आपण अभिमानानं सांगतो. पुढचं सांगताना आपला आवाज बसतो.

१९१३ मध्ये याच महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार. हीसुद्धा उद्याचा अधिकारी घडवण्याचीच तजवीज. त्यांनी तिथे अभ्यास कशाचा केला? अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त. एवढं शिकून १९१७ मध्ये ते बडोद्यात आले, तेव्हा कचेरीतले शिपाई लांबूनच त्यांच्या टेबलावर फायली फेकायचे. राहायला घर मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी घालवलं. थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावं लागलं. सयाजीबागेतली संकल्पभूमी आज त्याचीच आठवण सांगते.

माझे आजोबा तेव्हा संस्थानात कारकून होते. अमरेलीच्या शाळांबद्दल ते तासन्‌तास बोलायचे. १९१७ चा विषय मात्र घरात त्यांनी एकदाही काढला नाही. त्यांनी काही केलं होतं का, की नुसतं बघत बसले होते, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारणार कोणाला?

राजाला शिकवलं, अधिकाऱ्याला शिकवलं. कचेरीतला कारकून, शिपाई आणि गल्लीतला घरमालक, यांना शिकवायचं राहूनच गेलं. हुकूम वरून निघतो, पण तो पाळायचा की पाडायचा ते हीच माणसं ठरवतात.

नातीला एवढंच म्हटलं, "शीक बाई, खूप शीक. पण कचेरीत बसलीस की दाराबाहेर कोण ताटकळत उभं आहे, ते आधी बघ."

तुमच्या घरात त्या काळच्या काही आठवणी असतील तर जरूर लिहा. अभिमानाच्या तर लिहाच, न बोललेल्याही लिहा.